मी सांगतो तसे करा!

बातमी आली ती आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर, सकाळच्या चहाच्या वेळेला. ‘आपल्या शाळेच्या माजी संगणक शिक्षिका सुनंदा मयेकर मॅडम यांचे काल पावस येथे अल्पशा आजाराने निधन. भावपुर्ण श्रद्धांजली.’ ‘भावपूर्ण’मधला ‘पू’ ऱ्हस्व लिहिला होता. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाची नजर आधी त्या ‘पु’वर गेली आणि मग माणूस गेल्याकडे... हा माझा स्वभाव. तो सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो नडलेला आहे. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. जेवणवेळेपर्यंत त्याच रांगेत कुणीतरी गुडघेदुखीवरचा काढा पाठवला आणि त्यालाही तितकेच अंगठे मिळाले. हात मीही जोडले होते. फोन उपडा ठेवला.

‘संगणक शिक्षिका’ तर बाई कधी नव्हत्याच. कागदोपत्री त्या ‘प्रयोगशाळा सहायक (तात्पुरत्या)’ होत्या. कंसातला शब्द अकरा वर्षं तसाच राहिला. दर एप्रिलमध्ये नेमणूक संपायची आणि जूनमध्ये, संस्थेला आठवण झाली तर, नवं पत्र मिळायचं. बाईंचं माहेर राजापूरच्या बाजूचं, सासर पावसचं. यजमान बोटीवर इंजिनखात्यात, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. बाईंनी मराठी-इंग्रजी टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या, आणि संगणक त्या एका जुन्या पुस्तकावरून आपल्या आपण शिकलेल्या. रत्नागिरीतल्या एका कचेरीने बारा जुने संगणक आमच्या शाळेला ‘भेट’ दिले, म्हणजे स्वतःच्या जिन्याखालची अडगळ आमच्या जिन्याखाली आणून टाकली, तेव्हा ते चालू करायला कुणी मिळेना म्हणून बाईंना बोलावलं. विकतची सॉफ्टवेअर त्या मशीनना झेपणारी नव्हती आणि संस्थेलाही नव्हती. बाईंनी सगळ्यांवर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली घातली. बाराही मशीन म्हातारी, म्हणून त्यातल्या त्यात धडधाकट एक निवडून, दोन मेलेल्या मशीनची मेमरी त्यात बसवून, बाकीची त्याच्यावर चालवली. त्या मुख्य मशीनला बाई ‘थोरलं’ म्हणत. थोरलं चालू असेल तर खोली चालू. आमच्या जांभ्याच्या भिंती जुलैत आतून पाझरतात. घराघरांत कपड्यांच्या कपाटात बुरशीसाठी बल्ब लावून ठेवतात, तसा त्यांनी थोरल्याच्या टेबलाखाली चाळीसचा बल्ब लावून ठेवलेला असायचा. शिपाई तो वीज जाते म्हणून बंद करी, बाई पुन्हा लावीत.

मी त्या वेळी पर्यवेक्षक. संगणकाची मला भीती वाटायची आणि ती लपवायला मी त्याची टिंगल करायचो. बाईंनी ती भीती घालवली. लिनक्सवर नवीन काही बसवायचं तर ते पॅकेज मॅनेजरमार्फत मागवून घ्यायचं, हे त्यांनी मला ज्या सोपेपणाने समजावलं, त्या सोपेपणाने मला आयुष्यात एक संधी फोडून दाखवता आला नाही. म्हणाल्या, “सर, लग्नघरात कोठीवर एक माणूस बसवतात ना? नारळ हवा, गूळ हवा, तर त्याच्याकडे मागायचा. आपण कोठीत शिरायचं नाय. खीर म्हटलंत की तो शेवया देतो, आणि तुम्ही विसरलात तरी वेलची पण देतो. कशाबरोबर काय लागतं ते त्याला माहीत असतं. आणि तो म्हणाला, आज खीर व्हायची नाय, तर भांडायचं नाय. का, ते विचारायचं.” मला ते इतकं आवडलं की मी तो कोठीवाला दहावीच्या वर्गात दृष्टान्त अलंकार शिकवताना वापरला. बाईंचं नाव न घेता, अर्थात.

आमच्या शिक्षकवर्गातले लोक मात्र खिडकीतून कोठीत उड्या मारणारे. कुठल्या तरी संकेतस्थळावरून काहीतरी उतरवायचं, दुहेरी टिचकी मारायची, नाही बसलं की टेबलावर थापटी. एकदा विज्ञानाचे सर ओरडत आले की मशीन अडकलं, काही बसवूच देत नाही. बाईंची सवय ठरलेली. त्या जागच्या उठत नसत. “काय लिहिलंय ते वाचून दाखवा,” म्हणत. सर म्हणाले, एरर आहे. “एरर नाय, सर. वाक्य वाचा. शेवटपर्यंत.” वाक्याचा अर्थ एवढाच होता की कोठीला आतून कुलूप आहे, दुसरं काही काम चाललंय. थोरलं स्वतःची अद्ययावत पॅकेजं, म्हणजे कोठीतला नवा माल, घेत होतं. विज्ञानाच्या सरांना इंटरनेटवर कुणीतरी सल्ला दिलेला की कुलपाची फाइलच पुसून टाका. बाई म्हणाल्या, “आत माणूस असताना बाहेरून कडी कशाला उखडायची? पाच मिनिटं बसा की.” आणि खरंच, सरांना पाच मिनिटं समोर बसवून ठेवलं. मग झालं. अर्ध्या तक्रारी अशा नुसत्या वाचण्यानेच मिटायच्या. उरलेल्यांत हे नाही म्हणून ते नाही, ते जुनं म्हणून हे बसत नाही, अशी साखळी असायची. ती बाई एकेक कडी हातात घेऊन मागे मागे जात सोडवत. घाई करताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

आता ते वाक्य. एका दुपारी बाईंनी मला वर बोलावलं, शुद्धलेखन तपासायला. मला वाटलं, काही अर्ज असेल. एका रद्दीत निघालेल्या मशीनवर त्या काहीतरी काढून बघत होत्या. त्यांनी सगळ्या मशीनना मराठी लावून ठेवली होती, म्हणून पडद्यावर मराठीतच लिहून आलं होतं की, तुम्ही काहीतरी घातक करू पाहता आहात, तरीही पुढे जायचं असेल तर पुढील वाक्य जसंच्या तसं टाईप करा : ‘होय, मी सांगतो तसे करा!’ बाईंनी तीनदा टाईप केलं होतं आणि मशीनने तीनदा ‘रद्द’ म्हणून सांगितलं होतं. “माझं ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकतंय ते बघा हो, सर.” ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. मी म्हटलं, “बाई, तिथे ‘सांगतो’ आहे. तुम्ही ‘सांगते’ लिहिलंय.” बाई क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावली. “माझ्या माहेरी बाई असो नायतर बाप्या, दोघंय ‘मी सांगतंय’ म्हणतात. ह्याला बाप्याच लागतो काय? बाईमाणसाचं ऐकायचंच नाय?” भाषांतर करणारा कुणी तरी पुरुषच असणार, त्याच्या ध्यानातही आलं नसणार, असं मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी ते वाक्य येण्याआधीची लांबलचक यादी पुन्हा वाचली आणि त्यांचं हसू थांबलं. “बरं झालं ऐकलं नाय. हे सगळं काढलं असतं तर मशीनच गेलं असतं, सर.” त्या दिवसापासून खोलीत नियम झाला : हे वाक्य दिसलं की हात काढून घ्यायचे आणि बाईंना बोलवायचं. म्हणजे मला माहीत होतं. इतर कुणी ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणू शकतं. मला ती सोय नाही.

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं वर्ष आलं. स्मरणिकेचा संपादक मी. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं असतं तर मी महिनाभर जेवलो नसतो. त्याच सुमारास संस्थेत दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, संगणक खोली बाहेरच्या एका क्लासवाल्याला चालवायला द्यावी; दुसऱ्याचं म्हणणं, मयेकरबाईंना कायम करावं, खोली त्यांच्याच हातात ठेवावी. ठरलं असं की सोमवारी अध्यक्ष आणि दोन संचालक खोली बघायला येतील, खोली कशी चालते ते पाहतील आणि तिथल्या तिथे निकाल लावतील. अकरा वर्षांचा कंस त्या सोमवारी सुटणार होता. बाईंनी शनिवारी सकाळपर्यंत सगळं तयार केलं. पाचवीची मुलं काय करून दाखवणार, आठवीची काय, हे ठरलं. आणि भाच्याच्या साखरपुड्यासाठी त्या दुपारच्या गाडीने राजापूरला गेल्या. जाताना मला एकच सांगून गेल्या. स्मरणिकेची पानं लावण्यासाठी मला एक सॉफ्टवेअर हवं होतं, आठवडाभर मी त्यांच्या मागे लागलो होतो. “थोरल्यावरची आवृत्ती जुनी आहे. ते ह्याच्यात असं बसायचं नाय. पाहणी होऊन जाऊ दे, मग मी बघतंय. तोवर हात नका लावू, सर.”

शनिवारची अर्धी शाळा सुटली. खोलीची किल्ली पर्यवेक्षकाकडे. थोरल्यावर माझ्या नावाचं खातं होतं आणि पॅकेजं बसवायची-काढायची मुभा बाईंनीच विश्वासाने देऊन ठेवली होती. मला सोमवारी अध्यक्षांना स्मरणिकेचं मुखपृष्ठ पडद्यावर दाखवायचं होतं... एवढंच, याच्यापेक्षा मोठं कारण मला शोधूनही सापडत नाही. मी सॉफ्टवेअर मागितलं. कोठीवाला म्हणाला, होणार नाही. ह्याला अमुक नवं लागतं, आपल्याकडे जुनं आहे. का, ते मी विचारलं नाही. मी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं की ही ओळ टाका, काम होईल. मी ओळ उतरवून टाकली. पडद्यावर काय काय काढलं जाणार त्याची इंग्रजी यादी सरसर वर गेली. मी ती वाचली नाही. मुलांनी उतारा न वाचता प्रश्नांची उत्तरं लिहिली की पेपरावर लाल शाईने शेरे मारणारा मी! आणि यादीच्या खाली ते वाक्य आलं. मी थांबलो नाही, असं नाही. थांबलो. बाईंचं हसणं आठवलं. आणि मनात काय आलं ते आज जसंच्या तसं लिहितो : त्यांचं ऐकलं नाही, माझं ऐकेल. मी ते वाक्य टाईप केलं. ‘सांगतो’. स्वल्पविराम होता तिथे स्वल्पविराम, उद्गारचिन्ह होतं तिथे उद्गारचिन्ह. पहिल्या फटक्यात बरोबर.

त्याने ऐकलं. खिडक्या गेल्या, चित्रं गेली, शाळेचं नाव गेलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. मी बंद करून चालू केलं, पुन्हा केलं, मग भिंतीवरचं बटण बंद केलं. बाईंना फोन लावायला हवा होता. त्या तिथून सांगत गेल्या असत्या, मी वाचत गेलो असतो, रविवारी संध्याकाळपर्यंत झालंही असतं. नाहीतर त्या पहिल्या गाडीने आल्या असत्या. ते मला तेव्हाही कळत होतं. मी खोलीला कुलूप लावलं, घरी गेलो, आणि बायकोला सांगितलं की डोकं दुखतंय. रविवारी मी स्मरणिकेचं संपादकीय पूर्ण केलं. त्यात ‘कृतज्ञता’ हा शब्द चार वेळा आहे.

सोमवारी बाई गाडीतून उतरून थेट शाळेत आल्या. त्यांनी खोली उघडली आणि मागोमाग अध्यक्ष आलेच. पडदे काळे. पाचवीची मुलं रांगेत उभी. क्लासवाल्या तटाच्या संचालकांना तर काही बोलावंही लागलं नाही, ते नुसते हसले. कार्यालयात अध्यक्षांनी विचारलं, “बाई, काय केलंत हे? आजच्याच दिवशी?” मी शेजारच्या खुर्चीत. बाईंनी खोलीत दहाच मिनिटं घालवली होती, पण थोरलं कशाने असं झालं ते कळायला त्यांना तेवढी पुरली होती. त्या म्हणाल्या, “मी नाय केलं. ह्याला एक वाक्य लिहून द्यावं लागतं. ते वाक्य मला लिहिता येत नाय.” अध्यक्षांना काही उमगेना. “वाक्य? कुठलं वाक्य?” बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असताना आपण त्याच्याकडे बघतो, तसं. “सर सांगतील,” म्हणाल्या. आणि मी, मराठीचा शिक्षक, वाक्याबद्दल विचारलं असताना म्हणालो, “मला त्यातलं तांत्रिक काही कळत नाही.” अध्यक्ष म्हणाले, बरं. पाच मिनिटांत विषय संपला. त्या एप्रिलमध्ये बाईंची नेमणूक संपली आणि जूनमध्ये पत्र आलं नाही.

पण एप्रिल यायला अजून दिवस होते आणि तेवढ्यात बाईंनी जे केलं ते मला त्या न आलेल्या पत्रापेक्षा जास्त लागलं. दोन दिवसांत त्यांनी थोरलं पुन्हा उभं केलं. मुलांचं काम त्यांनी पहिल्यापासून वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं, त्याला धक्का लागला नव्हता. त्या मशीनमध्ये प्रत्येक बसवण्या-काढण्याची नोंद राहते : कुठली तारीख, किती वाजता, कोणाच्या खात्यातून. शनिवार, दुपारचे सव्वादोन आणि माझं नाव हे त्यांच्यासमोर लिहिलेलं होतं. एक कागद छापून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला असता तर कंस सुटला असता. बुधवारी मधल्या सुट्टीत त्या शिक्षकखोलीत आल्या. माझ्या हातातला घास तसाच राहिला. म्हणाल्या, “सर, थोरल्यावर नवीन आवृत्ती घातली. तुमचं स्मरणिकेचं सॉफ्टवेअर आता नीट बसलंय. पानं लावायला घ्या.” मी ‘बरं’ म्हणालो. लावली पानं. स्मरणिका देखणी झाली असं सगळे म्हणाले. ऋणनिर्देशात मंडपवाल्याचं नाव आहे, फोटोग्राफरचं आहे, चहावाल्याचंसुद्धा आहे. तोवर बाई गेल्या होत्या आणि मुख्याध्यापक म्हणाले, ते नाव आता कशाला. मी खोडलं. माझ्या हाताने.

पावसला घरी पडवीत बाईंनी एक डेस्कटॉप मांडला. शिष्यवृत्तीचे, विम्याचे, कसकसले फॉर्म भरायला बायामाणसं येत, त्यांना शिकवून त्यांच्याच हाताने भरून घेत. मी निवृत्त झालो. घरच्या मशीनवर मीही लिनक्स घातलं. प्रायश्चित्त म्हणून म्हणावं तर तो शब्द फार मोठा होईल. अडलं की मी बाईंना फोन करी. हो, करत असे! लाज नावाची गोष्ट किती ताणता येते ते मला ठाऊक आहे. त्या कधी टाळत नसत. “काय लिहिलंय, वाचून दाखवा.” मी वाचायचो. अमुक पॅकेज अर्धवट बसलंय, आधी ते पूर्ण करा. “मग तेच करा की, सर. तो सांगतोच आहे.” एकदा, गेल्या वर्षीच्या आंब्याच्या दिवसांत, मी असाच एक लांब मेसेज त्यांना वाचून दाखवला. संपला. बाई म्हणाल्या, “खाली अजून काय आहे?” पडद्यावर खाली काही नव्हतं. पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, किंवा मला तसं वाटलं. त्या थांबल्या होत्या. पलीकडे पडवीत कुणीतरी सुपारी कातरत होतं, तो आवाज येत होता... सांगून टाकायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हटलं, “नाही. एवढंच आहे.” बाई म्हणाल्या, “बरं. मग एंटर मारा.” ते आमचं शेवटचं बोलणं नव्हे. त्यानंतरही दोन-तीनदा बोललो, पण ‘खाली अजून काय आहे’ असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभराने शाळेत शोकसभा झाली. ज्या खोलीत त्यांनी अकरा वर्षं काढली तिथे आता क्लासवाल्याचा फलक आहे, म्हणून सभा चित्रकलेच्या वर्गात घेतली. अध्यक्ष तेच. म्हणाले, “मॅडमच्या हातून एकदा चूक झाली, पण चूक कोणाच्या हातून होत नाही? आपण ती मनात ठेवू नये.” टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून वाजल्या नाहीत, एवढंच. मेलेल्या बाईला माफ करून ते खाली बसले. दुसरा वक्ता मी. मी त्यांच्या मनमिळाऊपणाबद्दल बोललो. ‘मनमिळाऊ’! हा शब्द मी मुलांच्या निबंधात खोडत आलोय, कारण माणसाबद्दल काही माहीत नसलं की तो लिहितात. घरी आलो आणि प्रथमच स्वतःची किळस आली. आधी यायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पावसला गेलो.

मयेकरांना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. उंच, इंजिनाच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे मोठ्याने बोलणारे. पडवीत खुर्ची दिली, पाणी दिलं. संगणक टेबलावर होता, वर बाईंच्या जुन्या सुती साडीचं शिवलेलं झाकण. पलीकडच्या बाकावर अजून फॉर्मवाल्यांची दोन-चार कागदपत्रं पिशवीत घालून ठेवलेली. मयेकर म्हणाले, “लय हुशार हुती हो. मी बोटीवरनं आलो की मला शिकवायची, पन माजं टकुरं कुटचं! आनि एवडी हुशार बाई, तिनं एक चूक केलान नि शाळा सुटली. काय एक बटन दाबलान नि सगळी मशिनं बसली. मी तिला म्हनायचो, माज्या इंजिनात असं केलं असतंस तर आक्की बोट बुडवली असतीस. कोन पावना आला की मी ही गोष्ट सांगायचोच. हसायचे सगळे.” आणि तेही हसले, डोळे पुसत. मी म्हटलं, “मयेकर, ते बटण मी दाबलं होतं.” त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा मोठ्याने सांगितलं. मग सगळं सांगितलं. शनिवार, ते वाक्य, अध्यक्षांची खोली, ‘सर सांगतील’. सांगायला पाव तास लागला नाही. नऊ वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते एवढंसंच होतं.

मयेकरांनी तोंड माडांकडे फिरवलं. मग विचारलं, “तिला ठाव हुतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मला नाय बोलली कदी.” त्यांचा आवाज एकदम खाली आला, मला पुढे वाकून ऐकावं लागलं. “मी पावन्यांना ही गोष्ट सांगायला लागलो की उठून आत जायची. चाय ठेवते म्हनायची. मला वाटायचं... केल्याची लाज वाटते म्हनून जाते.”

मी काही बोलावं म्हणून ते थांबले नाहीत. खुर्चीचे हात धरून उठले आणि आत गेले. मी वाट बघत बसलो. आतून भांड्यांचा आवाज नाही, बोलणं नाही, काही नाही. संगणकावरचं साडीचं झाकण वाऱ्याने हलत होतं. त्याच्या एका कोपऱ्याला दोन वेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी टाके घातलेले होते. आपल्याकडे दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसतं उठून चालू लागतात. पण बाईंचं तेरावं होऊन तीन आठवडे झाले होते, आता म्हणायला हरकत नव्हती. आणि मला ते म्हणायचं होतं, कारण ‘येतो’ म्हटलं की घरातला माणूस ‘या’ म्हणतो. पायरीवर चपला घातल्या, दाराकडे वळलो आणि म्हटलं, “मयेकर, येतो मी.” ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी एकदा, मोठ्याने म्हटलं.

आतून ‘या’ आलं नाही.